ताटाची डावी बाजू

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. किती जुना, ते माझी उजवी काडी पाहिली की कळेल. तिचा स्क्रू केव्हाच पळाला आणि तिथे पांढरा दोरा गुंडाळला आहे. माझी चौकट तपकिरी आहे आणि काचा जाड आहेत. स्कूटरवर पडू नये म्हणून मालकांनी मला काळं इलॅस्टिक लावलं आहे, ते त्यांच्या डोक्याच्या मागच्या बाजूने जातं. आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव गोड नाही. जो येतो तो माझ्यावर बोटं उमटवतो, सदऱ्याच्या टोकाने मला खसाखसा पुसतो, आणि काही दिसलं नाही की शिव्या मला. अशा नोकरीत कोणाचा स्वभाव गोड राहील?

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती गोल बाजारजवळच्या एका गल्लीतल्या दुकानात. छत्तीसगड राज्य तेव्हा नुकतंच जन्माला आलं होतं, रायपूर राजधानी झालं होतं, आणि दुकानासमोर एक रंगारी बसून लोकांच्या गाड्यांच्या पाट्यांवरचं एम.पी. खोडून सी.जी. लिहीत होता. दुकानदार शालिग्राम दिवसभर काचा घासायचा आणि त्याहून जास्त बोलायचा. एक दिवस मालगाडीचे गार्ड गुलाबराव दुकानाची पायरी चढले. चढले खरे, पण मनाविरुद्ध.

"मले चष्मा नाही लागत," त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. "पेपरवालेच आजकाल अक्षरं बारीक छापून राहिले."

"हव भैया, पेपर वाले मन के गलती हे," शालिग्रामने छत्तीसगडी बोलीत हो ला हो केलं आणि मला त्यांच्या नाकावर चढवलं.

गुलाबरावांना त्यांच्या नजरेचा फार अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. रेल्वेत दर काही वर्षांनी डोळ्यांची परीक्षा होते, तिला ते लोक 'मेडिकल' म्हणतात. त्यात नापास झालेला माणूस गाडीवरून उतरवला जातो आणि उरलेली नोकरी कुठेतरी टेबलामागे काढतो. गुलाबराव कधी नापास झाले नाहीत. रोज सकाळी ते गच्चीवर जाऊन स्वतःच स्वतःची मेडिकल घ्यायचे. आधी एक डोळा तळहाताने झाकायचा आणि दूरच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं वाचायची, मग दुसरा झाकायचा आणि पुन्हा वाचायची. ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही.

निवृत्तीनंतर ते मुलाकडे, शंकर नगरात राहायला आले. मुलगा उदय सरकारी नोकरीत. मंत्रालय नव्या रायपूरला गेल्यापासून तो सकाळी बसने जायचा तो दिवेलागणीलाच परत यायचा. सून देवयानी सांगलीची, बँकेत काम करणारी. नात मंजिरी पाचवीत. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर मात्र हिंदीत. घरात जेवायचं टेबल होतं आणि प्रत्येकाची जागा ठरलेली होती. गुलाबराव खिडकीकडे तोंड करून बसायचे, मंजिरी त्यांच्या समोर, आणि देवयानी त्यांच्या डाव्या हाताला, म्हणजे उठून पोळी आणायला स्वयंपाकघर जवळ पडे. तोवर माझ्या काचा दुहेरी झाल्या होत्या, वरून लांबचं आणि खालून जवळचं. ते माझे सुखाचे दिवस. गुलाबराव पाहुण्यांना सांगायचे, "हा चष्मा पाय, किती वर्षं झाले, पण अजून टकाटक आहे." मी फुगून जायचो. मला वाटायचं, या माणसाला जग दाखवतो तो मीच.

मग एका उन्हाळ्यात, दुपारी, सगळं बिघडलं.

गुलाबराव भनपुरीला एका जुन्या मित्राकडे गेले होते. स्कूटरवरून घरी आले आणि डोकं धरून बसले. डोक्याच्या मागे, उजवीकडे, माझं इलॅस्टिक जिथे टेकतं बरोबर तिथेच कळ येत होती. डोळ्यांपुढे काहीतरी लुकलुकत होतं.

"पित्त झालं," त्यांनी स्वतःच निदान केलं. "अन् हे इलॅस्टिकही काचून राहिलं." त्यांनी इलॅस्टिक सैल केलं, आल्याचा तुकडा चघळला आणि झोपून गेले. रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी कधीच सोडल्या होत्या. मले काय धाड भरली, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी कळ थांबली आणि सगळे ती दुपार विसरून गेले.

माझ्यावरचं संकट तिथून सुरू झालं. दुसऱ्याच दिवशी गुलाबरावांचा डावा खांदा न्हाणीघराच्या चौकटीवर आदळला. त्यांनी मला काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. मग स्कूटरचं डावं हँडल पेरूवाल्याच्या हातगाडीला घासलं. पुन्हा मला पुसलं. पेपर वाचताना प्रत्येक ओळीची सुरुवात हरवू लागली. त्यांना वाटायचं, छपाईच तिरपी झाली आहे. एकदा तर रस्त्याच्या मधोमध उभी असलेली अख्खी गाय त्यांना दिसली नाही. गाईनेच त्यांना पाहिलं आणि ती बाजूला झाली, म्हणून दोघंही वाचले.

"या चष्म्यानं दगा दिला," ते म्हणाले.

मी! मी दगा दिला! अहो, ती गाय तिच्या शिंगांसकट माझ्या डाव्या काचेतून आत गेली होती. मी तिला अडवलं नव्हतं. पण चष्म्याला तोंड असतं तर मग काय हवं होतं!

गच्चीवरची मेडिकल रोज चालूच होती. उजवा डोळा झाकून टाकी दिसायची, डावा झाकूनही दिसायची. दोन्ही डोळे पास. मग दोषी कोण उरला? चष्मा. शालिग्रामने माझ्या काचा बदलल्या. उपयोग झाला नाही, तर पुन्हा बदलल्या. "नंबर बढ़ गया है भैया," तो दर वेळी तितक्याच खात्रीने सांगायचा. एका डोळ्यांच्या दवाखान्यातही तपासणी झाली, एकेक डोळा झाकून, अगदी रेल्वेसारखीच. गुलाबराव ओळीतलं पहिलं अक्षर सोडून पुढची धडाधड वाचायचे. तपासणारा म्हणाला, "काका, घाई करू नका," आणि झालं, सर्टिफिकेट मिळालं की डोळे उत्तम आहेत. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, दुसरं काय! शेवटी सोनेरी काडीचा एक नवा चष्मा आला आणि माझी रवानगी खणात झाली, संपलेले सेल आणि जुन्या राख्या यांच्या सोबतीला. थोड्याच दिवसांत नवाही चौकटीवर आपटला आणि खणात माझ्या शेजारी येऊन पडला. बिचारा पार हबकला होता. "मी काय केलं?" असा त्याचा चेहरा. काही नाही रे बाबा, मीही काही केलं नव्हतं. मला पुन्हा नाकावर चढवण्यात आलं, प्रेमाने नाही, नाइलाजाने.

हे सगळं मी सोसलं असतं. पण घरात जे सुरू झालं ते पाहवत नव्हतं.

तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे ताट वाढायची एक रीत असते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे; भाजी, आमटी उजवीकडे. देवयानी सांगलीची असली तरी विदर्भातल्या सासऱ्यांसाठी शेजारच्या प्रेमलाकाकूंकडून जवसाची चटणी शिकली होती. जवस मंद भाजायचा, लसूण घालायचा, जाडसर कुटायचा. पहिल्यांदा केली तेव्हा गुलाबरावांनी दोनदा मागून घेतली होती. आता मात्र रोज ताट उचलताना चटणी जशीच्या तशी, कोशिंबीर जशीच्या तशी, लिंबाची फोड न पिळलेली. वर पहिल्याच घासाला गुलाबरावांची हाक ठरलेली: "मीठ नाही!"

मीठ ताटात होतं. देवयानीला वाटलं, हे आपल्या आमटीबद्दल बोलतात. तिने आमटीत मीठ वाढवलं. तरी "मीठ नाही!" तिने आणखी वाढवलं, चटणीतही. मंजिरी घटाघट पाणी पिऊ लागली, उदय तोंड वाकडं करू लागला, आणि देवयानीला कोणाचं ऐकावं ते कळेना. त्यात ती काही बोलली की गुलाबराव समोर पाहूनच उत्तर द्यायचे, तिच्याकडे मान वळवायचेच नाहीत. एका रविवारी दुपारी भांडी आवरताना ती उदयला म्हणाली, "चटणी राहू दे रे. ते माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. महिने झाले. मी काय केलंय ते तरी सांगावं त्यांनी."

"बाबांचा स्वभाव आहे," उदय म्हणाला. "वयानं हट्टी होतात लोक."

मी तेव्हा टेबलावर उताणा पडलो होतो. माझी नुसती चिडचिड झाली. देवयानीचा चेहरा रोज माझ्या डाव्या काचेच्या कडेतून आत जात होता. मी पोचवत होतो. डोळे घेत होते. मग पुढे ते सगळं हरवत कुठे होतं?

भाद्रपदात घरी महालक्ष्म्या बसल्या. गोंदियाहून गुलाबरावांची बहीण वनमालाआत्या आली. जेवणाच्या दिवशी पुरणपोळ्या, आंबील, कढी, वडे, सोळा भाज्या, सगळं देवयानीने रजा काढून रांधलं, आणि ताटाच्या डावीकडे न विसरता जवसाची चटणी वाढली. पंगत उठायच्या बेताला आत्याचं लक्ष भावाच्या ताटाकडे गेलं.

"काय गं सूनबाई, गुलाबले तुझ्या हातचं रुचत नाही वाटते. पाय, डावी बाजू जशीच्या तशी ठेवली त्यानं. महालक्ष्मीचा प्रसाद हाये तो!"

"चटणी?" गुलाबराव म्हणाले. "मले कोणी चटणी वाढलीच नाही."

"बाबा, ताटातच आहे," देवयानी म्हणाली.

गुलाबरावांनी मान न हलवता ताटाकडे पाहिलं. "मी काय आंधळा आहो? चार लोकांत मले खोटं पाडून राहिली?"

"खोटं मी बोलते?"

"बाबा, पाहुण्यांसमोर तरी..." उदय म्हणाला, पण गुलाबराव उठले होते. उठताना डाव्या हाताचा पाण्याचा तांब्या लवंडला. तोही त्यांना दिसला नव्हता. सगळ्यांना वाटलं, रागाने पाडला.

संध्याकाळी आत्या म्हणाली, "चाल माह्यासंग गोंदियाले. इथं तुले सुख नाही." आणि गुलाबराव हो म्हणाले. विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने निघायचं ठरलं, आणि पुन्हा यायचं नाही, असंही ते बोलून गेले. मंजिरी रुसून बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी उदय कपाळाला हात लावून ऑफिसला गेला. देवयानीने सासऱ्यांची बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली, आणि ते मला सगळ्यात वाईट वाटलं. मला दिसत होतं की हा म्हातारा त्याच्याजवळच्या माणसांपासून तुटतो आहे, तेही न केलेल्या गुन्ह्यासाठी, आणि हे थांबवू शकणारं कोणीच खऱ्या जागी पाहत नाही.

जाण्याच्या दिवशी दुपारचं जेवण मंजिरीने वाढलं, कारण देवयानी स्वयंपाकघरातून बाहेर यायला तयार नव्हती.

"आबा, आज मैं परोसूँगी," ती म्हणाली. पोर टेबलाच्या पलीकडे, आजोबांच्या समोर उभी होती. तिने तिच्या डाव्या हाताला चटणी, मीठ, लिंबू, कोशिंबीर वाढलं, तिच्या उजव्या हाताला भाजी आणि आमटी. म्हणजे आजोबांच्या बाजूने सगळं ताट उलटं. कधी वाढलेलंच नाही, तर तिला काय कळणार!

गुलाबरावांनी ताटावर नजर टाकली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वा! जवसाची चटणी! किती दिवसांनी! कोणं केली?"

"मम्मी ने। रोज़ तो बनाती है।"

गुलाबरावांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. ते चटणीवर तुटून पडले. लिंबू पिळलं, मीठ घेतलं, कोशिंबीर चाटून पुसून खाल्ली. मग हात थांबला. "पोट्टी, भाजी काहून नाही वाढली? पोळी कायच्यासंग खाऊ?"

"आबा, है ना सब्ज़ी! आपके सामने!"

हे ऐकून देवयानी हातातल्या झाऱ्यासकट बाहेर आली. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर होता. "आता भाजीही दिसत नाही का?" ती म्हणाली, आणि तिची नजर ताटावर पडली. उजवी बाजू लख्ख, डावी बाजू जशीच्या तशी. रोजच्यासारखीच डावी. फक्त आज तिथे भाजी होती.

तिने झारा खाली ठेवला. ताट दोन्ही हातांनी धरलं आणि अर्धं फिरवलं.

"हे भाजी आत्ता कोठून आली?" गुलाबरावांनी विचारलं. आवाजात कुरापत नव्हती. ते खरंच विचारत होते.

देवयानीने ताट पुन्हा फिरवलं.

"गेली," गुलाबराव म्हणाले. आणि मग हळूच, घाबरून, "देवयानी, गेली कोठं?"

"बाबा, मान हलवू नका. समोर मंजिरीकडे बघा. माझा हात दिसतो?"

"कोणता हात?"

तिचा हात माझ्या डाव्या काचेपासून वीतभर अंतरावर हलत होता. बांगड्या वाजत होत्या. आवाज ऐकू येत होता आणि हात दिसत नव्हता. गुलाबरावांनी घाईघाईने रेल्वेची परीक्षा सुरू केली. उजवा डोळा झाकला, हात नाही. डावा झाकला, तरी हात नाही. देवयानीने मला काढून टेबलावर ठेवलं आणि पुन्हा हात हलवला. तरीही नाही.

"चष्म्याशिवायही तेच," ती म्हणाली. "आणि दोन्ही डोळ्यांची एकच बाजू एकदम कशी जाईल? बाबा, हे डोळ्याचं नाही. दुसरंच काहीतरी आहे."

मी निर्दोष सुटलो होतो, मित्रांनो. पण त्या घटकेला तिकडे कोणाचं लक्ष असणार? आतून आत्या बॅग घेऊन आली. "चाल गुलाब, गाडीची वेळ झाली."

"आत्या, गाडी जाऊ द्या," देवयानी म्हणाली. इतक्या ठामपणे ती त्या घरात आधी कधी बोलली नव्हती.

दवाखान्यात गुलाबरावांना एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवलं. आत कुठेही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. एका डोळ्याची चाचणी झाली, मग दुसऱ्याची. दोन कागद बाहेर आले. प्रत्येकावर एक गोल, आणि दोन्ही गोलांची डावी बाजू काळी. मग डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर ज्योती यांनी तो उजेडासमोर धरला आणि डोक्याच्या मागच्या, उजव्या बाजूच्या एका डागावर पेन टेकवलं.

तो डाग माझ्या इलॅस्टिकच्या खालीच होता, मित्रांनो. इतकी वर्षं मी त्या जागेवर टेकून बसलो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि माणसं गोल बाजारात काचा घासत होती.

डॉक्टरांच्या टेबलावर मेंदूचा एक प्लॅस्टरचा नमुना होता. तो उघडून त्यांनी हिंदीत जे सांगितलं, ते मी माझ्या भाषेत सांगतो. पाहण्याचं काम डोळे पूर्ण करत नाहीत. डोळे फक्त उजेडाचा निरोप पाठवतात. तो निरोप पार डोक्याच्या मागच्या टोकाला जातो आणि तिथे पाहणं सुरू होतं. वाटेत दोन्ही डोळ्यांच्या अर्ध्या तारा एकमेकींना ओलांडतात. त्यामुळे डावीकडे जे काही असेल, ते दोन्ही डोळ्यांतून निघून मागच्या उजव्या भागात पोचतं आणि उजवीकडचं डाव्या भागात.

गुलाबराव मन लावून ऐकत होते. एकदम म्हणाले, "म्हणजे जंक्शन! दोन गाड्या येतात, दोघींचे अर्धे-अर्धे डबे कापून दुसऱ्या लाइनले लावतात. डावीकडचा सगळा माल उजव्या यार्डात."

"बिल्कुल," डॉक्टर म्हणाल्या.

"अन् माह्या उजव्या यार्डाची लाइट गेली."

"जी. उस दिन, जब सिर में दर्द हुआ था. खून की एक नली बंद हो गई थी."

गार्डला यार्ड कळलं, तसे त्यांचे प्रश्न सुरू झाले. मग वाचता कसं येतं? डॉक्टरांनी सांगितलं की त्या मागच्या भागात समोरच्या दृश्याचा जणू नकाशाच असतो; जगात जे शेजारी शेजारी, ते तिथेही शेजारी. पण ज्यावर आपण नजर रोखतो त्या मधल्या इवल्याशा जागेला नकाशात सगळ्यात मोठी जमीन मिळते. गुलाबरावांचा तो मधला भाग वाचला होता. म्हणून टाकी दिसायची, अक्षरं दिसायची, आणि सगळे फसले. तिथले कामकरी, म्हणजे पेशी, तेही विचित्र आहेत. एकाला फक्त उभी रेघ कळते, दुसऱ्याला तिरपी, तिसऱ्याला आडवी. डाव्या डोळ्याचे आणि उजव्या डोळ्याचे निरोप पट्ट्यापट्ट्यांनी शेजारी उतरतात. तिथून पुढे दोन वाटा फुटतात. खालची वाट सांगते की हे काय आहे, हा चेहरा कोणाचा आहे. वरची सांगते की ते कुठे आहे आणि कुठे चाललं आहे. आणि मला वाटायचं, जग दाखवतो तो मी! मी तर फाटकावरचा शिपाई निघालो.

"मंग गाईचं काय?" गुलाबरावांनी विचारलं. "तिनं मले बरोबर पाह्यलं."

डॉक्टर हसल्या. गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्या म्हणाल्या. तिच्या बहुतेक तारा सरळ पलीकडे जातात आणि तिला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. माणसाचे डोळे समोर, म्हणून दोघांचं दृश्य बरंचसं एकच, आणि वाटणी अर्धी-अर्धी.

"पण मले तिथं अंधार नाही दिसत," गुलाबराव हट्टाने म्हणाले. "काहीच कमी नाही वाटत."

त्यावर डॉक्टरांनी त्यांच्या पाठीमागे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, तुमच्या पाठीमागे तरी तुम्हाला अंधार कुठे दिसतो? तिथे काहीच नसतं, बस. जिथून तक्रार यायची तेच ऑफिस बंद आहे, तर तक्रार करणार कोण? आणि तिकडे वळून पाहावं, ही आठवणही त्या आजारात कमी होते.

शेवटी त्यांनी मला हातात घेऊन उजेडात धरलं. "चश्मे में कोई खराबी नहीं है." मी आयुष्यभर या वाक्याची वाट पाहत होतो. पण ते ऐकून मला आनंद झाला नाही, कारण लगेच गुलाबरावांनी विचारलं, "मंग परत कवा दिसन?" आणि डॉक्टरांनी खरं सांगितलं. गेलेलं आता फारसं परत येणार नाही. त्याच दुपारी आणलं असतं, तर कदाचित काही करता आलं असतं. आता गोळ्या चुकवायच्या नाहीत, स्कूटर बंद, आणि मान मुद्दाम डावीकडे वळवायची सवय लावायची.

त्याच दुपारी! माझा संताप अजून शमलेला नाही. पित्त म्हणे! काचा काय बदलल्या, छपाईला काय नावं ठेवली, सुनेच्या मिठावर काय खेकसले, आणि एक दुपार कोणाला सापडली नाही.

ऑटोत बसताना गुलाबराव अगदी लहान आवाजात म्हणाले, "मेडिकल अनफिट."

"घरात मेडिकल नसते, बाबा," देवयानी म्हणाली, आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसली.

आत्या एकटीच गोंदियाला गेली. दुसऱ्या दिवशी देवयानीने विचार करून ताट वाढलं. चटणी उजवीकडे, भाजी डावीकडे, म्हणजे निदान चटणी तरी दिसेल. गुलाबरावांनी ते पाहिलं आणि भडकले.

"उलटं ताट पितरांले वाढतात. मी अजून जित्ता आहो!"

"तुम्हाला दिसावं म्हणून, बाबा."

"मी पाहीन. ताट सरळ कर."

तिने ताट सरळ केलं. गुलाबरावांनी मान डावीकडे वळवली, नवशिक्यासारखी, सावकाश. माझ्या काचांतून आधी मीठ सरकलं, मग लिंबू, मग चटणी. तिथे थांबायला हवं होतं, पण मान वळतच राहिली. ताटाची कड आली, टेबल आलं, बांगड्यांचा हात आला, आणि मग देवयानीचा चेहरा. बऱ्याच महिन्यांनी तो चेहरा काचेच्या पुढे, डोळ्याच्या पुढे, पार मागच्या यार्डात जाऊन पोचला. गुलाबराव पाहतच राहिले.

"तू रोज इथंच बसत होती?"

"इथंच, बाबा. पहिल्यापासून."

त्यांनी चटणीचं बोट जिभेवर ठेवलं. "मीठ जास्त झालं," ते म्हणाले.

"तुम्हीच तर रोज मागत होतात!" देवयानी म्हणाली आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. गुलाबरावांनी मला काढून सदऱ्याने पुसलं. इतक्या दिवसांत त्याच वेळी माझ्या काचा खरोखर ओल्या झाल्या होत्या, म्हणून मी तक्रार केली नाही.

मित्रांनो, मी म्हातारा झालो, उपदेश करायचा मला हक्क आहे. घरातलं कोणी एकाएकी दाराला धडकू लागलं, ताटातलं अर्धं टाकू लागलं, तर त्याच्या स्वभावाला नावं ठेवण्याआधी त्याच्या बाजूला उभे राहा आणि हात हलवून विचारा, दिसतो का? दिसला नाही, तर चष्मेवाल्याकडे नका जाऊ; त्याच घटकेला दवाखाना गाठा. आणि चष्मा पुसायला मऊ फडकं घ्या. गुलाबराव काही सुधारणार नाहीत, ते अजून सदराच वापरतात. पण आता रोज जेवायला बसताना ते आधी मला नीट बसवतात, पहिल्या घासाआधी मान डावीकडे वळवतात आणि विचारतात, "देवयानी, आहे नं?"

ती असतेच.